हाताखाली एक व्हाइस प्रेसिडेंट

आमच्या सरांनी अख्ख्या आयुष्यात कोणालाही पगारवाढ नाकारली नाही. आईशप्पथ. कारण पगाराचा विषय निघतोय असं नुसतं वाटलं, तरी ते समोरच्याला प्रमोशन देऊन मोकळे व्हायचे. माणूस पगार मागायला केबिनमध्ये शिरायचा आणि मॅनेजर होऊन बाहेर यायचा. खिशात पैसे तेवढेच, फक्त चालायची स्टाइल बदललेली.

ऑफिस ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ, एका फरसाणच्या दुकानाच्या डोक्यावर. काम जमीन मोजायचं. म्हणजे प्लॉटच्या हद्दी काढून द्यायच्या, रस्त्याच्या लेव्हल घ्यायच्या, बिल्डिंगचे कोपरे मातीत आखून खुंट्या ठोकायच्या. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून थेट तिथे चिकटलेले. पगार किती ते सांगत नाही, आईने शपथ घातलेय. एवढंच सांगते, की खालचा फरसाणवाला मला शेव देताना एक मूठ जास्तीची टाकायचा आणि म्हणायचा, "असू दे ताई, तुमचं अजून नीट बसायचंय." त्याला काय माहीत, तेव्हा मी ऑलरेडी डेप्युटी चीफ होते.

आमच्याकडे प्रमोशनचा मुहूर्त ठरलेला. दसरा. बाहेर नाक्यावर देवीची एवढी गर्दी की आम्हाला ऑफिसला मागच्या गल्लीतून, लोकांच्या वाळत घातलेल्या चादरी बाजूला करत यावं लागायचं. आत सरांनी टेबलावर पाट मांडलेला, त्यावर टोटल स्टेशन बसलेलं. टोटल स्टेशन म्हणजे आमचं मोजायचं मशीन, तिपाईवरचं, तुम्ही रस्त्याच्या कडेला बघितलं असेल आणि फोटो काढतायत समजून केस नीट केले असतील. त्याला झेंडूचा हार. कुंकू मात्र बॉक्सच्या झाकणाला. एकदा मी हौसेने लेन्सच्या जवळ बोट नेलं तर सर असे किंचाळले, की गुरुजींचा मंत्र तुटला.

आरती झाली की सर एकेकाला बोलवायचे. हातात आपट्याचं पान, पेढा आणि एक छोटा पांढरा डबा. डब्यात नवी व्हिजिटिंग कार्डं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," असं म्हणायचे, आणि मग गंभीर आवाजात नवीन पद सांगायचे. मी पहिल्या दसऱ्याला सीनियर सर्व्हेयर झाले. दुसऱ्याला डेप्युटी चीफ. तिसऱ्याला चीफ सर्व्हेयर. बाहेर खऱ्या कंपन्यांत ट्रेनी, सर्व्हेयर, सीनियर असं करत करत चीफ व्हायला केस पांढरे व्हावे लागतात. माझे पिंपल्स पण गेले नव्हते. लिंक्डइनवर टाकल्यावर आमच्या बॅचच्या टॉपरने मला 'मॅम' लिहिलं. त्याचा पगार माझ्या अडीचपट. मॅम मी.

घरी सांगितलं तर आई मासे साफ करत होती. आम्ही कोलशेतचे कोळी, आई बाजारात बसते. तिने कोयतीवरून मान पण वर केली नाही.

"चीफ म्हंजे मोठा ना गो?"

"सगळ्यात मोठा."

"मंग पगाराचा काय झाला?"

"तो आहे तेवढाच."

"मंग मोठा कोन झाला?" एवढं बोलून तिने बोंबलाचं डोकं उडवलं.

पगाराबद्दल सरांचं स्वतःचं तत्त्वज्ञान होतं. ते फार शुद्ध मराठी बोलायचे आणि बोलताना चष्मा काढायचे, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसायला नको. "पगार काय हो, एक तारखेला येतो, दहाला निघून जातो. पाहुणा आहे तो. पद घरातलं माणूस आहे." मी एकदा म्हटलं, "सर, पाहुणा जरा जाडजूड पाठवा ना." त्यावर मला सीनियरिटीबद्दल एक लेक्चर आणि स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का मिळाला. शिक्का कशावर मारायचा ते आजपर्यंत कळलेलं नाही. काही दिवस मी डब्याच्या स्टीलवर मारून बघितला.

तसे ते कंजूष नव्हते, हेच तर डोक्यात जायचं. मशीनवर सढळ हाताने खर्च. साइटवर मशीनला छत्री लागते, उन्हाने त्याचं माप बिघडतं, हे खरंय. पण सरांनी मशीनसाठी घेतलेली छत्री एवढी मोठी होती की खाली चार माणसं आरामात मावली असती. मावायची परवानगी नव्हती. मे महिन्यात शिळफाट्याच्या पलीकडे मशीन सावलीत, चीफ सर्व्हेयर उन्हात. गाडीत मशीनचा बॉक्स पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. व्हाइस प्रेसिडेंट मागे, तिपाई आणि चुन्याच्या गोणीच्या मध्ये.

व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे सुरेशदादा. कल्याणचा, पन्नाशीचा, सरांकडे सगळ्यात जुना. त्याचं काम प्रिझम धरायचं. एका काठीवर आरसा असतो, तो जिथलं माप पाहिजे तिथे नेऊन सरळ धरायचा, मशीन त्याच्यावर नेम धरतं. चिखल, काटे, कुत्री, सगळं दादाच्या वाट्याला. कार्डावर मात्र 'व्हाइस प्रेसिडेंट, फील्ड ऑपरेशन्स'. सोनेरी अक्षरात. दादा ते कार्ड फक्त एका कामासाठी वापरायचा, दातात सुपारी अडकली की. सर ऑफिसात पण सगळ्यांना पदानेच हाक मारायचे. "व्हाइस प्रेसिडेंट, जरा जिन्यातला दिवा बघता का? चीफ, चार चहा सांगा. डायरेक्टर, तुमचा डबा सांडलाय." डायरेक्टर म्हणजे ड्रॉइंग काढणारी ताई.

एकदा डोंबिवलीच्या बाहेर एका गावात हद्द दाखवायला गेलेलो. दोन भावांचं भांडण, मध्ये एक जुनं चिंचेचं झाड, दोघं म्हणतात झाड माझं. आख्खं गाव जमलेलं. सर गाडीतून उतरले आणि एकेकाची ओळख करून द्यायला लागले. हे आमचे व्हाइस प्रेसिडेंट. या चीफ. या डायरेक्टर, मुद्दाम आल्यात. (ताईला त्या दिवशी नुसतं गावातल्या देवळात जायचं होतं.) मोठा भाऊ सगळ्यांकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. दादाच्या पायात फाटका गमबूट.

"ते सगला ठीक हाय," तो म्हणाला. "एवरे सायेब आलेत. पन मोजनार कोन?"

गाव हसलं. आम्ही पण हसलो असतो, पण पदाचा मान होता. सर हसले नाहीत. त्यांनी गुपचूप स्वतः तिपाई उघडली, पाय मातीत रोवले आणि मशीन लेव्हलला आणलं. मी तीन वर्षं रोज हेच करत होते, तरी माझा लेव्हलचा बुडबुडा मध्यावर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सरांचं अर्धं काम झालेलं असायचं. झाड शेवटी दोघांचं निघालं, बुंध्याच्या बरोबर मधून रेषा. दोघेही भाऊ सरांवर सारखेच भडकले. सर जाम खूश. परतताना गाडीत म्हणाले, "दोन्ही बाजू नाराज म्हणजे मोजणी बरोबर." हे वाक्य ते आमच्या पगाराला पण लावायचे, फक्त तिथे दुसरी बाजू कोण ते सांगायचे नाहीत.

असं का करतात, यावर आमच्याकडे बऱ्याच थिअऱ्या होत्या. ताईचं म्हणणं, चिकट आहेत, विषय संपला. माझं म्हणणं, त्यांना क्लायंटसमोर शायनिंग मारायला आवडतं. दादाने एकदा, सर गाडीत नव्हते तेव्हा, कोपरीच्या सिग्नलला, मागच्या सीटवरून, चुन्याच्या गोणीवर कोपर टेकून वेगळंच सांगितलं. सर पूर्वी कुठल्याशा मोजणीच्या ऑफिसात नोकरीला होते. ज्या पदावर लागले त्याच पदावर सुटले. बरोबरचे वर गेले, मागून आलेले वर गेले, हे आपले तिपाई घेऊन उन्हात. निरोपसमारंभाच्या बॅनरवर बाकीच्यांचं नाव आणि पद असायचं. सरांच्या बॅनरवर नुसतं नाव होतं. एवढी वर्षं होऊन तेच पद लिहायचं म्हणजे बरं दिसणार नाही, असं छापणाऱ्याला कोणीतरी सांगितलेलं. चांगल्या मनाने.

"म्हणून ते आपल्याला वाटत सुटतात," दादा म्हणाला.

"मग पगारपण वाटायचा ना," मी म्हटलं. "तो पण मिळाला नसेलच त्यांना."

दादाने गोणी सावरून धरली. हिरवा लागला.

आता मेन गोष्ट. आईचे गुडघे गेले. म्हणजे आधीच गेलेले, पण त्या वर्षी ती बाजारातून येताना रिक्षातून उतरेना. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, आणि चीफ सर्व्हेयरची व्हिजिटिंग कार्डं गुडघ्यावर चोळून फरक पडत नाही हे मी करून बघितल्यासारखंच होतं. मला पाहिजे होती अशी नोकरी जिथे आईवडिलांचा पण मेडिकल इन्शुरन्स असतो, जिथे पीएफ कापतात आणि दरवर्षी पगार आपोआप वाढतो, कोणाला चष्मा काढावा लागत नाही. घोडबंदरच्या बाजूला एका मोठ्या कन्सल्टन्सीत सर्व्हेयरची जागा निघाली. साधी. सगळ्यात खालची.

इंटरव्ह्यूला एक टाय लावलेले गृहस्थ आणि एचआरची मॅडम. गृहस्थांनी माझं लिंक्डइन उघडलं.

"चीफ सर्व्हेयर?"

"हो सर."

"या वयात? बरं. हाताखाली किती माणसं?"

मी खरं बोलायचं ठरवून गेलेले. "एक."

"तो सर्व्हेयर?"

"नाही सर. व्हाइस प्रेसिडेंट."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ खाली आला नाही. नंतर मला गच्चीवर नेऊन मशीन लावून दाखवायला सांगितलं, ते मी पटकन लावलं, रीडिंग बरोबर आलं, आणि गृहस्थ एकदम माणसासारखे बोलायला लागले. म्हणाले, काम येतं तुला. पण आमची जागा सर्व्हेयरची आहे, चीफला आम्ही त्या जागेवर घेऊ शकत नाही, सिस्टिम घेतच नाही. मी म्हटलं सर, मी सर्व्हेयरच आहे, ते वरचं सगळं झेंडूच्या हारासारखं आहे, दसऱ्यापुरतं. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, अर्जात सर्व्हेयर लिही. आम्ही तुझ्या ऑफिसला फोन करून विचारू. त्यांनी दुसरं काही सांगितलं तर मात्र खोटी माहिती दिली असं होईल, मग कठीण आहे.

म्हणजे माझी नोकरी आणि आईचे दोन्ही गुडघे आता सरांच्या एका शब्दावर. आणि तो शब्द त्यांच्या तोंडातून मी कधीच कोणाबद्दल ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. आईचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं. नोकरी सोडतेय याचं त्यांना काही वाटलं नाही, उलट "उत्तम, उत्तम" म्हणाले. मग मी मुद्द्यावर आले.

"सर, माझं डिमोशन करा."

चष्मा नाकावरच राहिला. "काय करू?"

"डिमोशन. साधी सर्व्हेयर."

"अहो चीफ, माझ्या ऑफिसात आजवर एक माणूस खाली आलेला नाही!"

"पगार पण आलेला नाही सर, वर."

"लोक काय म्हणतील? व्हाइस प्रेसिडेंट काय म्हणतील?"

दारात दादा मोसंबी सोलत होता. "मला काय नाय सर. करून टाका."

सर उठून येरझाऱ्या घालायला लागले. मला वाटलं विरघळतायत. मग ते थांबले आणि चेहऱ्यावर तोच दसऱ्याचा उजेड. "तुम्ही असं करा. मी तुम्हाला जॉइंट डायरेक्टर करतो."

"सर नको!"

"बरं, असोसिएट पार्टनर."

"सर प्लीज, अजून वर नको, मला भीती वाटते!"

"मग त्यांना म्हणावं, बोलणी सरळ पार्टनर लेव्हलला होतील."

मी जितकी खाली ये म्हणून रडत होते, तितके ते मला वर ढकलत होते. आणखी पाच मिनिटं बसले असते तर ऑफिस माझ्या नावावर झालं असतं, भाड्यासकट. दादाने मला दंडाला धरून बाहेर आणलं, मोसंबीच्या दोन फोडी हातात दिल्या आणि म्हणाला, "चीफ, बसून घे. पडशील एवढ्या वरून."

फोन चार-पाच दिवसांनी आला, दुपारच्या जेवणानंतर. सरांना फोन कानाला लावायची भीती. किरणं मेंदूत जातात म्हणे. त्यामुळे त्यांचा प्रत्येक फोन स्पीकरवर, आणि प्रत्येक फोन अख्ख्या ऑफिसचा. मॅडमचा आवाज मी लगेच ओळखला. ताईने माऊसवरचा हात काढला. दादाने मशीन पुसायचं फडकं तसंच धरून ठेवलं.

मॅडमनी माझं नाव घेतलं. "सर, व्हेरिफिकेशनसाठी कॉल केलाय. तुमच्याकडे त्या कोणत्या पोस्टवर आहेत?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. दादाने पण जोडले, फडक्यासकट.

"त्या ना," सर म्हणाले. "त्या आमच्याकडे..." खालून गरम तेलाचा वास येत होता. सरांच्या तोंडात 'चीफ' तयार होता, ओठांचा आकार मला इथून दिसत होता. मी मनात आईला सॉरी म्हणून टाकलं.

"हॅलो? सर?"

"सर्व्हेयर," सर म्हणाले. तोंडातून काहीतरी उपटून काढल्यासारखं.

"ओके. ओन्ली सर्व्हेयर ना?"

आणि सर भडकले. तीन वर्षांत मी त्यांना क्लायंटवर भडकलेलं बघितलं नव्हतं, पैसे बुडवले तरी नाही.

"ओन्ली? ओन्ली म्हणजे काय मॅडम? तुम्ही आत्ता कितव्या मजल्यावर बसलाय?"

"अं... नववा, सर."

"तुमचा नववा मजला हवेत नाही उभा. खाली कोणीतरी पहिली खुंटी ठोकली, उन्हात उभं राहून, ती बरोबर जागी ठोकली, म्हणून तुम्ही तिथे बसून मला फोन करू शकताय. ती खुंटी तुमच्या डायरेक्टरने ठोकली नाही. ही मुलगी मशीन लावते, तिचं माप मी परत तपासत नाही. मी कोणाचं तपासत नाही असं नाही. हिचं तपासत नाही. सर्व्हेयर आहे ती. लिहा."

मला हे माहीत नव्हतं. तीन दसरे मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"सॉरी सर," मॅडम घाबरून म्हणाल्या. "लिहिलं. आणि रेफरन्समध्ये आपलं डेसिग्नेशन काय लिहू?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हे कधी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना सोनेरी अक्षरं छापून देणाऱ्या माणसाचं स्वतःचं कार्ड आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

"तेच," सर म्हणाले.

"म्हणजे सर? प्रोप्रायटर?"

"सर्व्हेयर. नुसतं. ओन्ली लिहू नका."

फोन ठेवला. चष्मा काढून बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत बसले. मी पाया पडायला वाकले तर "मशीनला धक्का लागेल" म्हणून बाजूला झाले. मी मनातल्या मनात शिव्या देत होते, डोळे भरलेले असताना जेवढ्या देता येतात तेवढ्या. म्हणजे चीफ, डायरेक्टर, असला सगळा माल आम्हाला वाटून टाकला आणि चांगलं तेवढं पद या माणसाने स्वतःकडे ठेवलं!

दादाला पण तेच लागलं असावं. फडकं खांद्यावर टाकून तो पुढे झाला.

"सर, मग मला पण करा की सर्व्हेयर."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याला नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही?" ते म्हणाले. "घाई करू नका. तुम्ही अजून व्हाइस प्रेसिडेंटच आहात."